जुनी पोलीस गाडी ‘ओरिजिनल’ आहे की नुसती रंगवलेली? दारावरची एक ओळही पुरते

समजा, स्क्रोल करता करता एक रील समोर आलं. १९५७ ची फोर्ड. काळी बॉडी, पांढरी दारं, छतावर लाल दिवे, चकाचक क्रोम. दारावर लॉस एंजेलिस पोलिसांचं ते जगभर माहीत असलेलं वाक्य, ‘टू प्रोटेक्ट अँड टू सर्व्ह’. म्हणजे रक्षणासाठी आणि सेवेसाठी. खाली हजारो लाइक आणि कमेंटमध्ये एकच सूर, ‘एकदम ओरिजिनल!’

इंजिन त्याच काळातलं असेल, सीटचं कापडही शोधून आणलेलं असेल. तरी ही गाडी चुकलेली आहे. कारण १९५७ साली हे वाक्य पोलिसांच्या गाड्यांवर आलंच नव्हतं.

झालं असं की, १९५५ मध्ये लॉस एंजेलिस पोलीस दलाच्या ‘बीट’ नावाच्या मासिकाने पोलीस अकादमीसाठी ब्रीदवाक्य सुचवण्याची स्पर्धा घेतली. त्यात हे वाक्य निवडलं गेलं आणि पुढची आठ वर्षं ते अकादमीपुरतंच राहिलं. ४ नोव्हेंबर १९६३ ला शहराच्या कौन्सिलने ठराव केला आणि मग ते शहराच्या मुद्रेशेजारी गस्तीच्या गाड्यांवर आलं. १९५७ ची गाडी तोवर गस्तीवर टिकली असेल, असं म्हणायलाही फारशी जागा नाही. शिफ्टमागून शिफ्ट पळणाऱ्या या गाड्या काही वर्षांतच खिळखिळ्या होतात आणि लिलावात निघतात.

जुनी पोलीस गाडी पुन्हा उभी करणाऱ्यांचं खरं डोकं खातो तो हाच भाग. इंजिन मेकॅनिक दुरुस्त करतो, पत्रा डेंटिंगवाला सरळ करतो. पण दाराच्या पत्र्यावर नेमकं काय लिहायचं, कोणत्या रंगात, किती मोठ्या अक्षरांत, हे कोणत्याही गॅरेजमध्ये विकत मिळत नाही. ते शोधावं लागतं.

साध्या विंटेज गाडीपेक्षा हे अवघड का?

साधी गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिचा रंग कंपनीच्या कॅटलॉगमधला असतो. त्याला कोड असतो आणि तो गाडीवरच्या छोट्या पट्टीवर ठोकलेला असतो. कोड वाचायचा, रंग बनवून घ्यायचा, काम झालं.

पोलीस गाडीला मात्र दोन जन्म असतात. पहिला कारखान्यात, दुसरा पोलीस खात्याच्या वर्कशॉपमध्ये. कारखान्यातून एकाच रंगात आलेल्या गाडीची दारं काही ठिकाणी खात्याच्या वर्कशॉपमध्ये किंवा डीलरकडे रंगवली जायची. अक्षरं, बोधचिन्ह, नंबर, दिवे, सायरन, रेडिओची अँटेना हे सगळं नंतर चढायचं. अमेरिकेत तर प्रत्येक शहराचं पोलीस दल वेगळं, काउंटीच्या शेरीफचं वेगळं, राज्याच्या हायवे पेट्रोलचं वेगळं आणि प्रत्येकाची गाडी रंगवायची पद्धत वेगळी. शेजारशेजारच्या दोन गावांच्या गाड्याही एकसारख्या असतीलच असं नाही.

शिवाय नोकरी संपली की गाडीचा सगळा पोशाख उतरवला जातो. लिलावाआधी दारावरची चिन्हं खरवडतात, दिवे काढतात, छतावरची भोकं बुजवतात. त्यानंतर ती टॅक्सी होते, कुणाच्या शेतावर राबते किंवा भंगारात जाते. तीस-चाळीस वर्षांनी एखाद्या हौशी माणसाच्या हाती पडते तेव्हा तिच्यावर दोन-तीन मालकांनी मारलेले रंगांचे थर असतात.

मग पुरावा कुठे सापडतो? सगळ्यात आधी गाडीतच.

साठ-सत्तरच्या दशकातल्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांच्या ओळख क्रमांकात दुसरं अक्षर ‘के’ असेल तर ती पोलिसांसाठी बनलेली, ‘टी’ असेल तर टॅक्सी. फोर्डच्या क्राउन व्हिक्टोरिया गाड्यांच्या क्रमांकात ‘पी७१’ दिसलं की हेच समजायचं. शेव्हरोलेच्या पोलीस पॅकेजचा कोड ‘९सी१’. साठच्या दशकातल्या फोर्डच्या पट्टीवर रंगाच्या कोडची जागा चक्क कोरी असेल तर निराश व्हायचं कारण नाही, उलट ती खूण आहे. रंग खास ऑर्डर देऊन मागवला होता, असा त्याचा अर्थ निघतो.

पण यातून एवढंच कळतं की गाडी पोलिसांसाठी बांधलेली होती. ती कोणत्या गावात फिरली, हे पट्टी सांगत नाही. त्यासाठी पॉलिश पेपर हातात घ्यावा लागतो.

पत्र्यावरच्या एका छोट्या गोलात हलक्या हाताने घासत गेलं की रंगांचे थर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे एकेक करून उघडे पडतात. वरचा मरून, त्याखाली पांढरा, त्याखाली काळा, मग प्रायमर. दाराच्या थरांमध्ये पांढरा आहे पण पंख्यावर नाही, म्हणजे दारंच तेवढी पांढरी होती. यातही सावधगिरी लागते. एखादं दार दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असेल तर थर भलतीच गोष्ट सांगतात. म्हणून एका जागी घासून भागत नाही, प्रत्येक पत्रा वेगळा तपासतात.

त्याहून चांगला रंग जिथे ऊन पोचत नाही तिथे मिळतो. दाराच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या मागे, मागच्या सीटखाली, डिकीतल्या गालिच्याखाली. बाहेरचा रंग उन्हाने उडालेला असतो, त्यावरून मॅचिंग करणारा माणूस फसतो. आतला रंग जवळपास पहिल्या दिवसाचा असतो.

आणि मग भोकं. छताच्या आतलं अस्तर काढलं की बुजवलेली भोकं दिसतात. मधोमध एक गोल मांडणी असेल तर एकच फिरता दिवा होता. दोन बाजूंना जोड्या असतील तर दोन वेगळे दिवे. डिकीवरचं भोक अँटेनाचं. दिव्याचा मॉडेल ठरवायला काही जण या भोकांमधलं अंतर मोजून जुन्या दिव्यांच्या बैठकीशी ताडून बघतात. गुन्ह्याच्या तपासासारखंच हे काम आहे, फक्त इथे पोलिसांच्याच गाडीचा पंचनामा होतो.

कधी कधी नशीब जोरावर असतं. दारावर वर्षानुवर्षं चिकटलेलं चिन्ह काढलं तरी त्याच्याखालचा रंग आजूबाजूपेक्षा कमी उडालेला असतो. भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर मागे चौकोन दिसतो, तसंच. योग्य कोनातून उजेड टाकला की त्या सावलीतून अक्षरांचा आकार, अंतर, कधी गावाचं नावही वाचता येतं. वरून नवा रंग मारण्याआधी हे टिपून घेतलं नाही तर ते कायमचं गेलं. घाईने गाडी पेंटरकडे देणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

फोटो खोटं बोलतात का?

जुना फोटो मिळाला की प्रश्न सुटला, असं वाटतं. पण ब्लॅक अँड व्हाइट फोटोत रंगच नसतो. न्यूयॉर्क पोलिसांचंच उदाहरण घ्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांच्या गाड्यांवर हिरवा, काळा आणि पांढरा असे तीन रंग होते. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत गडद हिरवा आणि काळा हे जवळपास एकच दिसू शकतात. ज्याला आधीपासून माहीत नाही, तो फोटो बघून बिनधास्त काळी-पांढरी गाडी रंगवेल. सिनेमांमुळे आपल्या डोक्यातही अमेरिकन पोलीस म्हणजे काळी-पांढरी गाडी हेच बसलंय.

त्याआधीच्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फोटोंचा घोळ आणखी वेगळा. त्या काळात वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला दादच द्यायची नाही. त्यामुळे लाल वस्तू फोटोत काळी यायची आणि निळी वस्तू फिकट, कधी पांढरट. लाल अक्षरं काळी समजून रंगवली, तर चूक फोटोची नाही, फिल्म न ओळखणाऱ्याची.

रंगीत फोटो तरी खरे? घरातला सत्तर-ऐंशीच्या दशकातला अल्बम उघडून बघा. लग्नातले सगळे पाहुणे लालसर, आकाश गुलाबी. त्या काळच्या प्रिंटमधली निळसर छटा आधी उडते आणि फोटो लालीकडे झुकतो. तशाच फोटोवरून पोलीस गाडीचा निळा ठरवला तर तो चुकणारच. कोडॅक्रोमच्या स्लाइड अंधारात ठेवल्या असतील तर त्यांचे रंग खूप चांगले टिकतात, म्हणून जाणकार आधी त्या शोधतात.

तरीही फोटो लागतातच, कारण अक्षरं कुठे होती आणि केवढी होती, ते फोटोच सांगतात. दाराच्या हँडलची लांबी माहीत असेल तर त्या मापाने अक्षरांची उंची काढता येते. फक्त फोटोची तारीख हवी आणि गाडी त्याच खात्याची हवी.

यापुढचा पुरावा कंटाळवाणा दिसतो पण सगळ्यात भरवशाचा असतो. शहर कौन्सिलचे ठराव, गाड्यांच्या खरेदीची टेंडरं, खात्याचे आदेश, वार्षिक अहवाल. लॉस एंजेलिसच्या ब्रीदवाक्याची तारीख पक्की सांगता येते ती ठरावामुळेच. निवृत्त पोलिसांच्या आठवणीही कामाच्या असतात, पण रंगाच्या बाबतीत आठवण कच्ची असते. एसटीचा लाल कोणता, असं विचारलं तर प्रत्येक जण छातीठोकपणे सांगेल. शेडकार्डवर बोट ठेवा म्हटलं की पाच जण पाच ठिकाणी बोट ठेवतील.

सिनेमा बघून गाडी रंगवू नये, असं जाणकार म्हणतात त्यालाही कारण आहे. १९८० च्या ‘द ब्लूज ब्रदर्स’मधली १९७४ ची डॉज मोनॅको ही गोष्टीत इलिनॉय राज्यातल्या माउंट प्रॉस्पेक्ट गावाच्या पोलिसांची जुनी गाडी आहे. शूटिंगसाठी घेतलेल्या डझनभर गाड्या मात्र कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने वापरून काढलेल्या होत्या. म्हणजे एका राज्याच्या गाडीला दुसऱ्या राज्याचा वेश चढवलेला. याच्या उलट, १९६८ ते १९७५ दरम्यान चाललेल्या ‘ॲडम-१२’ या मालिकेला लॉस एंजेलिस पोलिसांचं सहकार्य होतं, त्यामुळे त्यातल्या प्लिमथ आणि नंतरच्या एएमसी मॅटाडॉर गाड्या खऱ्याच्या बऱ्याच जवळ जातात. पण तरी ती मालिकेची गाडी. तिची नक्कल करायची तर तसं सांगून करावी.

रंगाचा डबा आणि पेंटरचा ब्रश

शेड सापडली तरी प्रश्न उरतो, रंग कोणत्या जातीचा? १९२० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीने ‘ड्यूको’ नावाचा लॅकर रंग आणला. तो झटपट वाळायचा, त्यामुळे कारखान्यात गाड्या भराभर रंगवता येऊ लागल्या. आपल्याकडे सुतार फर्निचरला ‘ड्यूको’ मारतात, तो शब्द इथून आलेला आहे. पुढे वेगवेगळ्या कंपन्यांनी भट्टीत भाजलेलं एनॅमल, ॲक्रिलिक लॅकर असे प्रकार वापरले. आज गाड्यांवर रंगाच्या वर जो पारदर्शक चकचकीत थर असतो, तो १९८० च्या दशकात सर्रास झाला.

म्हणून १९६० ची पोलीस गाडी काचेसारखी चमकत असेल तर ती देखणी असेल, पण त्या काळातली वाटत नाही. खात्याची गाडी होती ती, नवरदेवाची नव्हे. किफायतशीर रंग, पाण्याच्या पाइपने धुलाई आणि वर्षभर ऊन, हे तिचं आयुष्य. कमी चमकेचा एकाच थराचा रंग मारायला सांगितलं की आजचा पेंटर चक्रावतो, पण बरोबर तेच असतं.

अक्षरांचंही तसंच. ट्रकच्या मागे नाव रंगवणारा पेंटर असतो, तसा पूर्वी पोलीस गाड्यांवर हाताने लिहिणारा पेंटर असायचा. काही ठिकाणी सोन्याचा वर्ख लावून अक्षरं काढत. हाताची अक्षरं जवळून बघितली तर थोडी कमी-जास्त असतातच. पुढे छापील स्टिकर आले, मग रात्री दिव्याच्या झोतात चमकणारी रिफ्लेक्टिव्ह फिल्म, आणि १९८० च्या दशकात कॉम्प्युटरने कापलेली विनाइलची अक्षरं. १९५० च्या गाडीवर मिलिमीटरही न हलणारी विनाइल अक्षरं चिकटवली की जाणकाराच्या नजरेत ती दहा फुटांवरून भरते.

मजकुरात तर तारखा लपलेल्याच असतात. अमेरिकेतला ‘९११’ हा आणीबाणीचा नंबर पहिल्यांदा फिरवला गेला तो १६ फेब्रुवारी १९६८ ला, अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल गावात. न्यूयॉर्कने तो त्याच वर्षी घेतला, अनेक शहरांत पोचायला त्याला कित्येक वर्षं लागली. त्यामुळे १९६५ च्या गाडीवर ‘९११’ दिसला तर पुढे काही तपासायची गरज नाही. न्यूयॉर्कच्या गाड्यांवरचे ‘सौजन्य, व्यावसायिकता, आदर’ या अर्थाचे तीन शब्द १९९६ च्या मोहिमेतले. त्याआधीच्या गाडीवर ते चालत नाहीत.

पण एवढा कीस पाडायचा कशाला?

कारण पोलीस गाडीचा रंग हा सजावटीचा भाग कधीच नव्हता. पोलिसांना लोकांनी कसं बघावं, हे त्यातून ठरवलं जात होतं. ब्रिटनमध्ये लँकशायर पोलिसांनी १९६५ मध्ये कर्कबी भागात पायी गस्तीच्या जोडीला छोट्या गाड्या आणल्या. फिकट निळ्या रंगावर रुंद पांढरा पट्टा असलेली फोर्ड अँग्लिया, म्हणजे हॅरी पॉटरच्या दुसऱ्या भागात उडते ना, तेच मॉडेल. कॉन्स्टेबल दुरूनही दिसावा, हा हेतू. अशा दुरंगी गाड्यांना लोक ‘पांडा कार’ म्हणू लागले, मग रंग निळा-पांढरा का असेना. काही पोलीस दलांनी तर निळ्या आणि पांढऱ्या गाड्या एकत्र घेऊन त्यांच्या दारांची अदलाबदल केली आणि रंगाचा खर्च वाचवला. अशा गाडीच्या दाराची आतली बाजू बॉडीच्या रंगाची रंगवली, तर ती काटकसरीची गोष्टच पुसली जाते.

कॅलिफोर्नियात तर रंगाला कायद्याचं वजन आहे. वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांना पकडणं हे ज्या गाडीचं मुख्य काम, ती ठरवून दिलेल्या वेगळ्या रंगातच असली पाहिजे, असं तिथला वाहन कायदा सांगतो. लपूनछपून चालकांना पकडू नये, हा त्यामागचा विचार. त्या रंगात नसलेल्या गाडीतून वेगाचा गुन्हा पकडला तर अधिकाऱ्याची साक्ष कोर्टात अडचणीत येऊ शकते.

आणि लॉस एंजेलिसचं ते वाक्य. ‘रक्षणासाठी आणि सेवेसाठी’ हे गाड्यांवर आलं १९६३ च्या अखेरीला. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९६५ मध्ये, त्याच शहराच्या वॉट्स भागात एका कृष्णवर्णीय तरुणाला गाडी चालवताना अडवण्यावरून ठिणगी पडली आणि सहा दिवसांच्या हिंसाचारात ३४ जणांचा जीव गेला. त्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांच्या दारावर हे शब्द होते. १९५७ च्या गाडीवर तेच शब्द ‘छान दिसतात’ म्हणून चिकटवले की पोलिसांनी ते कधी आणि कोणत्या काळात लिहिले, हा सगळा संदर्भ हरवतो.

चूक एका गाडीपुरती थांबतही नाही. चुकीची रंगवलेली गाडी प्रदर्शनात जाते, तिचे फोटो नेटवर फिरतात आणि पुढचा माणूस तोच फोटो पुरावा म्हणून वापरतो. आता त्यात एआयने बनवलेल्या ‘१९५० च्या पोलीस गाड्यां’च्या चित्रांची भर पडली आहे. त्यांत अक्षरं तर धड वाचताही येत नाहीत, तरी शेअर होतात.

यावर काही रिस्टोरर एक साधा उपाय करतात. गाडीसोबत एक फाइल ठेवतात. कोणता भाग पुराव्यावरून केला, कोणता अंदाजाने, कोणता रंग कुठल्या पत्र्याखालून मिळाला, हे त्यात फोटोंसह लिहिलेलं असतं. शक्य असेल तिथे जुन्या रंगाचा छोटा तुकडा डिकीच्या आत तसाच सोडून देतात, पुढच्या माणसाला तपासता यावा म्हणून. आणि मूळ रंग बऱ्यापैकी शिल्लक असेल तर काही जण गाडी रंगवतच नाहीत. पोचे आणि उडालेली अक्षरं तशीच ठेवतात. दिसायला ती रीलमधल्या गाडीपुढे फिकी पडते, पण खऱ्या माहितीसाठी तिचीच किंमत जास्त.

गाडी हुबेहूब झाली की शेवटी एक वेगळीच अडचण येते. ती इतकी खरी दिसते की रस्त्यावर लोक तिला पोलीसच समजू शकतात. कॅलिफोर्नियात पोलिसांच्या गाडीसारखी रंगवलेली खासगी गाडी ठेवण्यावरच बंधनं आहेत. सिनेमात वापरायच्या गाड्यांसारखे अपवाद त्यात आहेत आणि जुन्या गाड्यांनाही सवलत आहे. ब्रिटनमध्ये सामान्य गाडीवर निळा दिवा चालत नाही. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, त्यामुळे रंगाचा डबा उघडण्याआधी स्थानिक पोलिसांकडे चौकशी करणं शहाणपणाचं. एवढी वर्षं खपून बरोबर लिहिलेली अक्षरं प्रदर्शनाला जाता-येताना चुंबकी पट्टीखाली आणि दिवे कापडाच्या खोळीत झाकून न्यायची, अशी खबरदारी काही मालक घेतात. मैदानात गाडी उभी राहिली की मग खोळ काढायची.